पहिले तुमचं रक्त काढा

निवृत्त होऊन वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघ्यात घरी बसल्यापासून शेजारच्या बायका मला रक्तदाब मोजायला बोलावतात. मी सांगते, मी नर्स नव्हते. मग डॉक्टर होता का? तेही नाही. मग आरोग्य खात्यात इतकी वर्षं करत काय होता, हा त्यांचा पुढचा प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत त्याचं उत्तर पटलं नाही. "गावोगाव जाऊन बोलाचे पैसे भेटते हिले," असं त्या पाहुण्यांना सांगायच्या.

तसं पाहिलं तर त्यांचं बरोबर होतं. मी आरोग्य शिक्षणाचं काम करत होते. आजार व्हायच्या आधी त्याबद्दल लोकांशी बोलायचं आणि लोक काय म्हणतात ते ऐकून कार्यक्रम आखायचा. बोलायचं कसं हे प्रशिक्षणात शिकवलं होतं. ऐकायचं कसं हे शिकण्यात माझी निम्मी नोकरी गेली.

माझा बराचसा काळ सेलू आणि कारंजाकडच्या गोंड वस्त्यांमध्ये गेला. सुरुवातीला आम्हाला पोषणाची छापील चित्रं मिळायची. सफरचंद, द्राक्षं, दुधाचा भरलेला पेला. एका वस्तीत एक म्हातारी चित्राजवळ डोळे नेऊन बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हे फळ कोन्या झाडाले लागते बाई? आमच्या जंगलात तं नाई दिसलं." मग आम्ही बायकांसोबत बसून नवं चित्र ठरवलं. मोह, चारोळीची चारं, तेंदूची टेंभरं, शेवगा, तरोट्याची भाजी. रंगवायला हिंगणघाटचा एक पेंटर धरला. त्याचा हात जिनिंगच्या पाट्या रंगवण्यात बसलेला, त्यामुळे त्याचं मोहाचं फूल हुबेहूब कापसाच्या बोंडासारखं उतरलं. बायका पोट धरून हसल्या. पण ते चित्र कुडावर टिकलं, सफरचंदाचं टिकलं नव्हतं.

हे सगळं गमतीचं. बेलटोल्याचं मात्र वेगळं होतं.

बेलटोला म्हणजे बोरच्या जंगलाच्या कडेला असलेली गोंडांची वस्ती. म्हातारी माणसं आपसात गोंडी बोलतात, आमच्याशी वऱ्हाडी. थोडी शेती, बाकी मजुरी आणि जंगलातलं काम. मला तिथे सिकलसेलच्या तपासणीसाठी पाठवलं होतं. ज्यांना हा आजार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. हाडं ठणकतात, रक्त कमी होतं. हा दोष आईबापांकडून येतो. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक असतो. त्याला सहसा काही त्रास होत नाही, जन्मभर पत्ताही लागत नाही. दोघांकडून आला तर मूल आजारी निपजतं. विदर्भात हा आजार गोंडांत आहे, आम्हा बौद्धांत आहे, इतर समाजांतही आहे.

माझ्या आधी तिथे एक पथक येऊन गेलं होतं. कुठलं ते सांगत नाही, त्यातली बरीच माणसं चांगली होती. त्यांनी रक्त तपासलं आणि शाळेच्या ओट्यावर नावं पुकारून रंगीत कार्डं वाटली. निरोग्यांना एका रंगाचं, वाहकांना दुसऱ्या. सरिता नावाच्या मुलीच्या हातात वाहकाचं कार्ड आलं. तिचं लग्न ठरलेलं होतं. कार्डाची बातमी सासरच्या गावी पोचायला वेळ लागला नाही. पोरीला सिकल आहे म्हणून सोयरीक मोडली. वाहक आणि आजारी यांतला फरक तिकडच्यांनी विचारला नाही, आणि त्यांना तो कोणी सांगितलाही नव्हता.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा श्रावण पटेलांनी, म्हणजे वस्तीच्या मुख्य माणसाने, खाट टाकून दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "बाई, चहा घ्या, जेवून जा. पण रक्ताचं बोलू नका."

"मी रक्त काढायला नाही आले. बोलायला आले."

"पहिलेबी बोलालेच आलते," ते म्हणाले.

त्या दिवशी मी चहा घेतला आणि परत आले. आमचे साहेब म्हणाले, महिन्याभरात शिबिर लावून टाका. साहेब वाईट नव्हते, त्यांनाही वरून विचारणा होती. मी म्हटलं, महिन्याभरात लावलं तर तिथे फक्त आपणच असू. त्यांनी कपाळाला हात लावला, पण मुदत वाढवून दिली. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना अजून मानते.

मग मी नुसती जात राहिले. वेळ पाहून जावं लागायचं. मोहाच्या दिवसांत पहाटेपासून सगळी वस्ती जंगलात, कापूस वेचणीला सगळ्या बाया वावरात. दुपारी कोणाच्या तरी ओसरीत बसायचं, तुरीतले खडे निवडू लागायचे. मी गोंडीतले दोन-चार शब्द शिकले, तेही असे उच्चारायचे की बाया पदरात तोंड लपवायच्या. चालायचं. हसत होत्या म्हणजे बसू देत होत्या.

तिथेच जैवंताआजी भेटल्या. वस्तीतली बहुतेक बाळंतपणं त्यांच्या हातची. बोलायच्या कमी. एका दुपारी तूर पाखडता पाखडता त्या आपणहून म्हणाल्या, "आमच्या इथं काही काही घरचे लेकरं कसे जाते, माईत आहे का तुले?"

मी म्हटलं, "सांगा."

"चांगलं खेळून राह्यते. मंग ताप येते. डाव्या आंगाले पानथरी वाढते, अशी हाताले लागते. अन् दिवस बुडाच्या आत लेकरू पांढरं पडते. माह्ये दोन असेच गेले. आम्ही म्हनो, कोनाची नजर लागली."

पानथरी म्हणजे प्लीहा. सिकलच्या लहान मुलांमध्ये रक्त एकाएकी पानथरीत अडकतं, ती फुगते, आणि अंगात रक्त उरत नाही. काही तासांत मूल हातचं जातं. वेळेवर रक्त चढवलं तर वाचतं. हे मला प्रशिक्षणात सांगितलं होतं, पण घडताना मी कधी पाहिलं नव्हतं. आजींनी पाहिलं होतं, तेही दोनदा. का होतं ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजे दवाखान्यात नेलं असतं तं?"

मी म्हटलं, "आजी, तेव्हा नेलं असतं तरी तिथे कोणाला समजलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. आता समजतं."

त्यांनी सूप पुन्हा उचललं आणि उरलेली तूर पाखडून संपवली. नंतर त्यांनीच श्रावण पटेलांना सांगितलं की बाईचं ऐकून घ्या.

समाजमंदिरात बैठक बसली. मी कार्यक्रमाचा कच्चा आराखडा घेऊन गेले होते, तो पिशवीतच राहिला. पटेलांनी विचारलं, "तुमच्या लोकाइतबी हा आजार आहे म्हनता ना?"

"आहे."

"तुमचं तपासलं का कधी?"

तपासलं नव्हतं. इतकी वर्षं लोकांना सांगत होते, पण आपल्याही नसांत तेच असू शकतं हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

"मंग पहिले तुमचं रक्त काढा," पटेल म्हणाले. "आमी पाहू. मंग आमचं."

मागे बसलेल्या सरिताने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. ती कधी बैठकीला यायची नाही, त्या दिवशी आजींनी आणली होती. ती म्हणाली, "वाहकाले काही होत नाई म्हनता. मंग माह्यं लग्न मोडलं थे काऊन मोडलं?"

तिचं कार्ड चारचौघांत द्यायलाच नको होतं. मी तसं सांगितलं. मग तिने आणि इतर बायांनी मिळून अटी घातल्या. कार्डं नकोत. रंग नको. ज्याचा निकाल त्याला, त्याच्या घरात, दार लावून. आणि तो गोंडीत सांगायला माझ्यासोबत वस्तीतलं कोणीतरी पाहिजे. कोण येईल, असं मी विचारलं. सगळ्या सरिताकडे पाहायला लागल्या. ती खाली पाहत म्हणाली, "येईन मी."

पुढच्या खेपेला आमचे तंत्रज्ञ पराते भाऊ सोबत आले. समाजमंदिराच्या ओट्यावर सगळ्यांसमोर त्यांनी माझं बोट टोचलं. थोड्या वेळाने ते मला गाडीच्या आडोशाला घेऊन गेले. अट होती ना, निकाल ज्याचा त्याला.

"ताई, तुमच्या रक्तात सिकल दिसून राह्यलं," ते हळूच म्हणाले. "पक्की तपासणी करू वर्ध्याला. घाबरू नका."

पक्क्या तपासणीत ते खरं ठरलं. मी वाहक होते. मी पन्नाशी ओलांडलेली, दोन लेकरांची आई, आजवर कधी धड सर्दीने झोपले नव्हते. लोकांना मी जे सांगत आले होते ते सगळं मला पाठ होतं, तरी मी निकालाचा कागद घडी करून पर्सच्या तळाशी दडवला. कारण माझ्या मुलीचं, प्राजक्ताचं, नागपूरच्या एका मुलाशी लग्न ठरत होतं. तिला हे कळलं तर काय, त्याच्या आईला कळलं तर काय. दुसरा विचार त्याहून वाईट होता. बेलटोल्याच्या अटीप्रमाणे मला कोणाला काही सांगायची गरजच नव्हती.

निकाल आला त्याच संध्याकाळी मी प्राजक्ताला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग माझीही करून घेऊ. त्यालाही करायला सांगते."

"त्याच्या घरचे काय म्हणतील?"

"आई, तू जिकडे तिकडे सांगत फिरते ना, लपवू नका म्हणून."

तिचा निकाल आला. वाहक. त्या मुलाचा यायला आणखी काही दिवस लागले आणि ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. त्याचं रक्त निर्दोष निघालं. दोघांपैकी एकच वाहक असेल तर मूल आजारी होत नाही. मग त्याच्या आईने मला फोन केला. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं हे बरं केलं. साखरपुड्याचं कधी ठरवायचं?" मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसूनच राहिले.

त्यानंतर बेलटोल्यात गेले आणि बैठकीत सांगितलं की मी वाहक आहे, माझी मुलगीही आहे, आणि तिचं लग्न ठरलं आहे. जैवंताआजी म्हणाल्या, "मंग तं तू आमच्यातलीच निंगाली." सगळे हसले. सोबत आलेल्या पराते भाऊंनी तपासणीचा डबा उघडला आणि सगळ्यात आधी पटेलांनी बोट पुढे केलं.

तपासणीनंतर बायांनी आणखी एक गोष्ट पक्की केली. माझ्या आराखड्यात ती नव्हती. ज्या घरात आजारी मूल जन्मेल, तिथे आईने रोज सकाळी मुलाच्या डाव्या बरगडीखाली हात लावून पाहायचं. पानथरी लागली, मूल पांढरं दिसलं, तर कोणाला विचारत बसायचं नाही, पटेलांच्या पुतण्याच्या ऑटोत बसून थेट वर्ध्याला निघायचं. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं तेही ठरलं. ताप आहे असं म्हणायचं नाही, तापाच्या रांगेत बसवतात. म्हणायचं, 'सिकलचं लेकरू आहे, पानथरी वाढली.' आजींनी हे वाक्य बायांकडून घोटून घेतलं. हात कसा लावायचा हे मात्र आमच्या डॉक्टरांनी येऊन दाखवलं, कारण जोरात दाबलं तर इजा होते.

दोनेक वर्षांनी सरिताने लग्न ठरवलं. मनोहर, ट्रॅक्टर चालवणारा, शांत मुलगा. तोही वाहक होता. दोघं माझ्याकडे बोरगाव मेघ्याला आले, सोफ्याच्या कडेवर बसले. मी सगळं सांगितलं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता मूल आजारी निघण्याची असते. पोटात असताना तपासणी होते, ती नागपूरला करता येते, तीही माहिती दिली. मनोहर म्हणाला, "समजलं ताई. पन मन नाई बदललं." सरिता म्हणाली, "जे लेकरू येईन थे आमचं."

साहेबांना कळल्यावर ते म्हणाले, थांबवायचं होतं ना. लोकांनी लग्न कोणाशी करावं हे सांगणं माझं काम नव्हतं. समजावून सांगणं होतं, ते मी केलं होतं. पण खरं सांगते, त्यांना मुलगा झाला, रोशन, आणि तपासणीत तो आजारी निघाला, तेव्हा काही रात्री मला साहेबांचं वाक्य आठवत राहिलं. सरिता मात्र रडली ती एकदाच. नंतर ती त्याला वेळेवर लसी देत होती, गोळ्या देत होती, रोज पोटाला हात लावून पाहत होती.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी, भाद्रपदातल्या एका दुपारी तिचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता.

"ताई, पानथरी लागून राह्यली. चार बोटं. सकाळी नव्हती. आमी निंगालो."

"रंग कसा आहे त्याचा?"

"व्हट पांढरे पडले."

"बोलतो का?"

"मघाशी बोलत होता."

बेलटोल्याहून वर्ध्याला यायला तास-सव्वा तास लागतो. मी स्कूटी काढली आणि दवाखान्यात आधीच पोचले. आता मी कोणी नव्हते, गळ्यात ओळखपत्र नव्हतं. अपघात विभागाच्या टेबलावर एक तरुण डॉक्टर मुलगी होती, समोर ही गर्दी. मी तिला म्हटलं, "एक सिकलचा मुलगा येतो आहे, अडीच वर्षांचा, पानथरी एकाएकी वाढली आहे. रक्त लागेल." तिने वर पाहिलं. तुम्ही कोण, असं विचारेल असं मला वाटलं. तिने विचारलं, "किती वेळात पोचतील?" आणि लगेच रक्तपेढीला फोन लावला.

मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. समोरून येणारा प्रत्येक ऑटो तोच वाटायचा. सरिताला पुन्हा फोन करावा असं वाटायचं, पण ती काय सांगेल या भीतीने मी केला नाही. माझ्या नोकरीत मी शेकडो बैठका घेतल्या असतील. त्या सगळ्या बडबडीचा उपयोग झाला की नाही, हे एका ऑटोवर येऊन ठेपलं होतं.

ऑटो आला. मनोहर रोशनला छातीशी धरून धावत आत गेला. मुलाची मान त्याच्या खांद्यावर लुळी पडली होती. मागून सरिता. टेबलाशी पोचताच ती म्हणाली, "सिकलचं लेकरू आहे, पानथरी वाढली." त्या डॉक्टर मुलीने तोपर्यंत खाट रिकामी करून ठेवली होती. पडदा ओढला गेला.

जैवंताआजी ऑटोतून सावकाश उतरल्या. मी त्यांना बाकावर बसवलं. त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. त्यांच्या मनात कोणती दोन लेकरं असतील ते मला ठाऊक होतं. थोड्या वेळाने पटेल आणि वस्तीतली चार-पाच तरुण पोरं दुचाकींवरून आली, बाह्या वर करूनच. रक्त द्यायला आलो म्हणाली. पेढीत रक्त होतं, ते चढवायला घेतलंही होतं, तरी त्यांनी दिलंच. पुढे कोणाला तरी लागेल, पटेल म्हणाले.

दिवस कलायला आला होता तेव्हा ती डॉक्टर बाहेर आली. घामेजलेली होती. मराठी तिची बेताचीच. म्हणाली, "रंग आला आहे. पानथरी पण कमी होत आहे. वेळेवर आणलं." आजींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. मग त्यांनी माझा हात सोडला आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन वॉर्डात गेले. रोशन उशीला टेकून बसला होता. ओठ गुलाबी, हाताला सुई, आणि मुरमुरे पाहिजेत म्हणून त्याने बापाला बाहेर पिटाळलं होतं. सरिता स्टुलावर ताठ बसलेली. रात्रभर तिने डोळा मिटला नव्हता. मी म्हटलं, "दे इकडे, मी बसते." तिने एकदा त्याच्या पोटाला हात लावून पाहिला, त्याला माझ्या मांडीवर दिलं, आणि खाटेखालच्या सतरंजीवर आडवी झाली. तिला तिथेच, तोंड उघडं ठेवून, गाढ झोप लागली.

रोशन माझ्या बांगड्या मोजायला लागला. चुकत होता, पुन्हा मोजत होता. तेवढ्यात सिस्टर आली आणि तिने विचारलं, "या मुलाची आई कुठे आहे?"

मी खाटेखाली बोट दाखवलं.

"झोपू द्या तिला," मी म्हटलं. "काय असेल ते मला सांगा."